विलंबित फ्लुरोसन्सच्या नॅनोकणांनी जिवंत पेशी कशा पाहायच्या: डाय निवडण्यापासून गेट लावण्यापर्यंत

४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेझरखाली कुठलाही डाय (चमकणारं रंगद्रव्य) न घातलेली पेशी ठेवून पाहा. ती काळी दिसत नाही. एनएडीएच, फ्लेव्हिन, लायपोफसिन अशी पेशीतलीच द्रव्यं निळसर ते पिवळी चमकत असतात. आपला डाय मंद असला, किंवा कण थोडेच आत गेले असले, की ही घरची चमक सिग्नलवर पसरते आणि फोटोतला नेमका कुठला प्रकाश आपला हे सांगता येत नाही.

या चमकेची एक कमजोरी आहे. ती फार लवकर विझते. मोकळ्या एनएडीएचचा लाइफटाइम (चमक टिकण्याचा काळ) अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास असतो, प्रथिनाला चिकटलेल्याचा आणि फ्लेव्हिनचा काही नॅनोसेकंद. म्हणजे लेझर बंद झाल्यावर शंभर नॅनोसेकंद डोळे मिटून बसलो आणि मग कॅमेरा उघडला (यालाच गेट लावणं म्हणतात), तर पेशी खरोखर अंधारी असते. तोवर तग धरून चमकणारा डाय मात्र हातात हवा. टीएडीएफ, म्हणजे उष्णतेच्या मदतीने होणारा विलंबित फ्लुरोसन्स देणारे डाय इथे कामाला येतात.

आधी थोडं यंत्रणेबद्दल

उत्तेजित रेणू सिंगलेट नावाच्या वरच्या अवस्थेतून लगेच प्रकाश देतो किंवा ट्रिप्लेट या थोड्या खालच्या अवस्थेत घसरतो. बहुतेक सेंद्रिय डायसाठी ट्रिप्लेट ही अंधारकोठडी असते. टीएडीएफ डायमध्ये सिंगलेट आणि ट्रिप्लेट यांच्यातली ऊर्जेची दरी इतकी लहान ठेवलेली असते की खोलीच्या तापमानाची उष्णता रेणूला पुन्हा वर ढकलू शकते. वर आलेला रेणू मग नेहमीचाच रंग देतो, फक्त उशिरा.

दरी किती लहान हवी याचा अंदाज घ्यायला साधा हिशेब पुरतो. २५ अंश सेल्सियसला उष्णतेची ऊर्जा सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. दरी ८० असेल तर बोल्ट्झमन गुणक (दरी चढण्याएवढी उष्णता मिळण्याची शक्यता) साडेचार टक्क्यांच्या घरात येतो. ती ३०० असेल तर तोच गुणक लाखात एकाच्याही खाली जातो. म्हणून डायच्या माहितीपत्रकात मी पहिल्यांदा ही दरी पाहतो, रंग नंतर.

ही कल्पना जुनी आहे. इओसिन या डायचा असा उशिरा येणारा प्रकाश पार्कर आणि हॅचर्ड यांनी १९६१ साली नीट उलगडला, आणि इओसिनवरूनच त्याला ई-प्रकार हे नाव पडलं. या प्रकारच्या डायला खरा भाव आला तो २०१२ मध्ये, क्यूशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांच्या गटाने कार्बाझोल आणि डायसायनोबेंझिन जोडून केलेल्या रेणूंमुळे. ते रेणू ओएलईडी पडद्यांसाठी होते. जैविक चित्रणात ही वाट २०१४ च्या सुमारास, फ्लुओरेसिनपासून बनवलेल्या डायने मोकळी केली. सांगायचा मुद्दा असा की यातले बरेचसे रेणू कोरड्या, ऑक्सिजनमुक्त पडद्यासाठी घडवलेले आहेत. त्यांना ओल्या, श्वास घेणाऱ्या पेशीत नांदवायचं तर मध्ये काहीतरी आडोसा लागतो. नॅनोकण म्हणजे तो आडोसा.

पायरी १: डाय निवडणं

हात बसवायला फोर-सीझेड-आयपीएन हा डाय मी सुचवेन. सहज मिळतो, टोल्युइनमध्ये ५०७ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा चमकतो, ऑक्सिजन काढून टाकला की क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला परत मिळणारा वाटा) ९० टक्क्यांच्या वर जातो आणि विलंबित लाइफटाइम काही मायक्रोसेकंदांचा असतो. ४०५ च्या लेझरने तो छान उत्तेजित होतो. पुढे ऊतींमध्ये खोल पाहायचं असेल तर तांबड्या डायकडे वळा. पण त्यांची चमक बहुधा कमी असते, तेव्हा पहिल्याच प्रयोगात दोन अडचणी अंगावर घेऊ नका.

या डायमध्ये इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग वेगळे असतात, त्यामुळे उत्तेजित अवस्थेत विद्युतभार एका बाजूला सरकतो. परिणामी भोवतालचं द्रावक जितकं ध्रुवीय तितका रंग लालीकडे सरकतो आणि चमक घटते. पाण्यात तर बहुतेकांची चमक जवळपास मरते. म्हणून टोल्युइनमधले आकडे पेशीत जसेच्या तसे मिळतील ही अपेक्षा सोडा. कणाच्या आतलं वातावरण कसं आहे, तेच आता महत्त्वाचं.

पायरी २: कणाचा गाभा कशाचा?

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: कण ऑक्सिजनला बाहेर अडवतो. अडवत नाही. कणाची त्रिज्या २५ नॅनोमीटर आणि गाभा पॉलिस्टायरीनचा असेल, तर ऑक्सिजन काही दशक मायक्रोसेकंदांत मध्यापर्यंत पोचतो. पीएमएमए (ॲक्रिलिक) सारख्या घट्ट पॉलिमरमध्येही फार तर काही मिलिसेकंद लागतात. आपण कण दोन तास पेशींबरोबर ठेवतो, म्हणजे तोवर आतबाहेर समतोल केव्हाच झालेला असतो.

मग कणाचा उपयोग काय? आतला ऑक्सिजन गोगलगाय होतो. ट्रिप्लेट विझायला ऑक्सिजनचा रेणू डायपर्यंत चालत यावा लागतो, आणि काचेसारख्या घट्ट पॉलिमरमध्ये ही चाल पाण्यापेक्षा कितीतरी मंद असते. तेवढ्या अवकाशात डाय आपला उशिराचा प्रकाश देऊन मोकळा होतो. एकदा हे डोक्यात बसलं की गाभ्याची निवड सोपी होते. पॉलिमर काचेसारखा कडक हवा, आणि ३७ अंशांनाही कडक राहायला हवा.

पीएलजीए हा पॉलिमर या कसोटीत अडखळतो. तो जैवविघटनशील म्हणून सगळ्यांचा लाडका, पण त्याचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ होतो) ४५ ते ५० अंशांच्या आसपास आहे आणि पाणी मुरल्यावर ते आणखी खाली येतं. टेबलावर २२ अंशांना सुंदर दिसलेला विलंबित सिग्नल उबदार स्टेजवर ढासळला, तर आधी इथे संशय घ्या. पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए शंभर अंशांच्या आसपास मऊ होतात, त्यामुळे ती भीती नाही. दोघांत पीएमएमएमधून ऑक्सिजन बराच कमी वेगाने सरकतो, पण तो जास्त ध्रुवीय असल्याने रंग थोडा सरकेल. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरांत मुद्दाम पॉलिस्टायरीन वापरतात, यावरून काय ते समजा. माझी निवड पीएमएमए.

डायचं प्रमाण वजनाने ५ टक्क्यांपासून सुरू करा. जास्त घातलं की रेणू एकमेकांना विझवू लागतात आणि ट्रिप्लेट-ट्रिप्लेट टकरीही वाढतात. १, ५ आणि १० टक्के असे तीन कण एकाच दिवशी करून तुलना केली, तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

पायरी ३: कण बनवणं

पद्धत नॅनोप्रेसिपिटेशनची. टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफमध्ये पॉलिमर, डाय आणि पृष्ठभागासाठी पॉलिस्टायरीन-मॅलेइक ॲनहायड्राइड यांचं प्रत्येकी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं द्रावण करून घ्या. पॉलिमरचे ९०० मायक्रोलिटर, डायचे ५० आणि पृष्ठभागवाल्याचे २०० मायक्रोलिटर एकत्र करून टीएचएफने ५ मिलिलिटर करा. सोनिकेटरच्या पाण्यात धरलेल्या बाटलीत १० मिलिलिटर शुद्ध पाणी घ्या आणि हे मिश्रण पिपेटने एका झटक्यात आत सोडा. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली असू द्या. हळूहळू थेंब टाकत बसलात तर कण मोठे आणि वेडेवाकडे होतात. दोन-तीन मिनिटं सोनिकेशन चालू ठेवा.

ॲनहायड्राइड पाण्यात उघडून कार्बॉक्सिल गट तयार होतात, त्यामुळे कणांवर ऋण भार येतो आणि ते एकमेकांपासून दूर राहतात. पुढे प्रतिपिंड किंवा पेप्टाइड जोडायचं झालं तर हेच गट कामाला येतात.

आता टीएचएफ काढायचं. रोटरी इव्हॅपोरेटर वापरा, किंवा धुराड्याखाली नायट्रोजनचा झोत सोडा. इथे घाई नको. उरलेलं टीएचएफ पेशींना त्रास देतंच, शिवाय पॉलिमरला आतून मऊ करतं आणि ऑक्सिजनला रस्ता मोकळा करून देतं. टीएचएफची बाटली घेतानाही पाहून घ्या: स्थिरकारक नसलेल्या जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साचतात, ते धोक्याचे तर आहेतच आणि डायही खातात.

शेवटी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर रंगीत झाला तर तो आपला हरवलेला डाय आहे. गाळून आलेल्याचं शोषण पुन्हा मोजा, अंदाजाने प्रमाण धरू नका.

एवढं करून हाती मिलिलिटरला जेमतेम १०० मायक्रोग्रॅम कण येतात. हे थेट पेशींवर वापरायचे तर माध्यमाचा पाचवा हिस्सा निव्वळ पाणी होतं आणि पेशी फुगतात. मग ज्या विषारीपणाला आपण कणांना जबाबदार धरतो तो खरं तर पाण्याचा असतो. १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरवर द्रावण दहा पट घट्ट करा, म्हणजे मिलिलिटर माध्यमाला २० मायक्रोलिटर पुरतील.

पायरी ४: पेशींकडे जाण्यापूर्वीच्या चाचण्या

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने आकार मोजा. ४० ते ८० नॅनोमीटर आणि बहुविखुरण निर्देशांक (कणांच्या आकारांतली विषमता) ०.२ च्या खाली असेल तर पुढे चला. हीच मोजणी पीबीएस या खारट बफरमध्ये आणि सीरम असलेल्या माध्यमात एक तासाने पुन्हा करा. शुद्ध पाण्यात गुण्यागोविंदाने राहणारे कण क्षारात गेल्या गेल्या गोळा होतात, हे दर दुसऱ्या गटाला मायक्रोस्कोपवर बसल्यावरच कळतं. सीरमच्या प्रथिनांची स्वतःची शिखरं आलेखात दिसतील, म्हणून कणांविना नुसत्या माध्यमाचीही मोजणी हवी.

मग लाइफटाइम. तत्काळ भाग नॅनोसेकंदांत आणि विलंबित भाग मायक्रोसेकंदांत मोजायचा, त्यासाठी दोन वेगळ्या काळपट्ट्या लागतात. दोन्हींत वर्णपट एकच यायला हवा. उशिराचा वर्णपट लालीकडे सरकलेला दिसला, तर ती फॉस्फोरेसन्स (थेट ट्रिप्लेटमधून येणारा प्रकाश) असू शकते किंवा कणात डायच्या गाठी झाल्या असतील. लेझरची शक्ती दुप्पट करून पाहा: उशिराचा प्रकाशही दुप्पट झाला तर तो टीएडीएफ, चौपट झाला तर ट्रिप्लेट-ट्रिप्लेट टकरींचा.

ऑक्सिजनचा परिणाम पाहण्यासाठी नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचा मोह होईल, पण फेस होऊन कण हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटतात. त्यापेक्षा झाकलेल्या क्युव्हेटमध्ये ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज घाला, एन्झाइम ऑक्सिजन खाऊन टाकतं. हवेतला आणि ऑक्सिजनमुक्त लाइफटाइम यांतला फरक जितका कमी, तितका गाभा चांगला. अर्थात ही युक्ती क्युव्हेटपुरती. जिवंत पेशींचा श्वास कोंडायचा नाही.

पायरी ५: घड्याळ जुळवणं

बहुतेक प्रयोग इथे फसतात, म्हणून जरा थांबून वाचा. आमच्याकडे पहिल्यांदा कण उत्तम झाले होते, पण फ्लिम (लाइफटाइम मोजणाऱ्या) मायक्रोस्कोपवर विलंबित प्रकाशाचा मागमूस नव्हता. दोन आठवडे रसायनं बदलली. दोष लेझरच्या ठोक्यात होता. असा लेझर सेकंदाला आठ कोटी पल्स मारतो, म्हणजे दर साडेबारा नॅनोसेकंदांनी एक. पाच मायक्रोसेकंद जगणारा प्रकाश पुढच्या चारशे पल्समध्ये पसरून जातो आणि आलेखात तळाशी सपाट पार्श्वभूमी होऊन बसतो. सॉफ्टवेअर तिला गोंगाट समजून वजाही करून टाकतं.

नियम सोपा आहे: दोन पल्समधलं अंतर सर्वांत लांब लाइफटाइमच्या किमान पाच पट ठेवा. ५ मायक्रोसेकंदांसाठी २५ मायक्रोसेकंद, म्हणजे जास्तीत जास्त ४० किलोहर्ट्झ.

दुसरी मेख स्कॅनिंगची. नेहमीच्या कॉन्फोकलमध्ये (एकेक बिंदू स्कॅन करणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) किरण एका पिक्सेलवर मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंदच थांबतो. डायचा उशिराचा प्रकाश येईपर्यंत आरसे पुढे सरकलेले असतात आणि पिनहोल (डिटेक्टरपुढचं बारीक छिद्र) तो प्रकाश बाहेर टाकतं. कॉन्फोकलच वापरायचं असेल तर पिक्सेलवर शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास थांबा आणि लेझर झटक्यांत चालू-बंद करा. फ्रेम सावकाश येते, पण त्याला इलाज नाही. माझ्या मते या कामाला वाइडफील्ड (अख्खं दृश्य एकदम टिपणारा) मायक्रोस्कोप आणि गेट लावता येणारा इंटेन्सिफाइड (मंद प्रकाश वाढवणारा) कॅमेरा हाच योग्य जोड आहे.

तिसरी गोष्ट शक्तीची. पिकोसेकंद डायोड लेझरच्या एका पल्समध्ये शंभरेक पिकोज्यूल ऊर्जा धरली, तर २० किलोहर्ट्झला सरासरी शक्ती फक्त २ मायक्रोवॅट भरते. अख्खं दृश्यक्षेत्र उजळायला हे फारच थोडं. इथे पिकोसेकंदांच्या अचूकतेची गरजही नाही. एक-दोन मायक्रोसेकंद चालू राहून झटकन विझणारा मॉड्युलेटेड डायोड लेझर घ्या. पल्सची लांबी चालेल, शेपूट नको. झेनॉन फ्लॅश दिवा या कसोटीत नापास होतो, त्याची शेपटी कित्येक मायक्रोसेकंद रेंगाळते.

आता गेट. ४ नॅनोसेकंद जगणारी पेशीची चमक १०० नॅनोसेकंदांनी जवळजवळ शून्य होते, आणि तेवढ्या वेळात ५ मायक्रोसेकंदांच्या डायचे फक्त २ टक्के गमावतो. म्हणून लेझर पूर्ण विझल्यानंतर १०० ते २०० नॅनोसेकंदांचा डिले पुरे. उगाच १ मायक्रोसेकंद थांबलात तर जवळपास १८ टक्के प्रकाश वाया. गेटची रुंदी लाइफटाइमच्या दुप्पट, म्हणजे १० मायक्रोसेकंद ठेवली की उरलेल्यातला ८६ टक्के प्रकाश हाती लागतो. अर्ध्या सेकंदाच्या एका फ्रेममध्ये २० किलोहर्ट्झने दहा हजार पल्स जमा होतात. हा डिले पेशींवर जाण्याआधी काचेवर वाळवलेल्या साध्या फ्लुओरेसिनवर तपासा. फ्लुओरेसिन दिसेनासं झालं आणि कण दिसत राहिले, की घड्याळ जुळलं.

पायरी ६: पेशी

०.१७ मिलिमीटर काचेच्या तळाच्या डिशमध्ये पेशी आदल्या दिवशी लावा. हीला या मानवी कर्करोगपेशी चालतील. कण मिलिलिटरला ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम अशा तीन प्रमाणांत द्या, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ते चार तास ठेवा, उबदार बफरने तीनदा धुवा आणि फिनॉल रेड नसलेल्या माध्यमात पाहा. फिनॉल रेड स्वतःही चमकतं, आणि गेट नसलेल्या तुलनेच्या फोटोत ते आड येतं.

सोबत या डिश हव्यातच: काहीही न दिलेल्या पेशी, डायविना कोरे कण दिलेल्या पेशी, आणि ४ अंशांवर कण दिलेल्या पेशी. शेवटच्या डिशमध्ये एंडोसायटोसिस (पेशीने बाहेरची वस्तू गिळणं) थांबलेला असतो. तिथेही पेशीभर रंग दिसला तर कण आत गेलेले नाहीत, डाय गळून पेशीच्या चरबीत मुरला आहे. गळतीचा संशय असेल तर कण सीरममध्ये २४ तास ठेवून सेंट्रिफ्यूज फिल्टरने वेगळे करा आणि खालच्या द्रवाचं शोषण पाहा. सीरमची प्रथिनंही डाय धरून ठेवतात, म्हणून फिल्टरची छिद्रं त्यांना खाली जाऊ देतील इतकी मोठी हवीत.

फोटोत केंद्रकाभोवती ठिपके दिसतील. ते बहुतेक एंडोसोम आणि लायसोसोम, म्हणजे पेशीने गिळलेला माल ठेवणाऱ्या पिशव्या असतात. लायसोसोमच्या लाल डायबरोबर जुळवून खात्री करा. केंद्रकात किंवा मायटोकॉन्ड्रियात कण आपोआप जातील अशी आशा ठेवू नका, त्यासाठी पृष्ठभागावर वेगळी जोडणी करावी लागते आणि तीही दरवेळी साधत नाही.

विषारीपणा दोनदा मोजा, अंधारात आणि प्रकाशात. ट्रिप्लेट ऑक्सिजनला भेटला की सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो, आणि तो पेशीला जाळतो. अंधारातल्या एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या) चाचणीत निर्दोष ठरलेले कण लेझरखाली दहा मिनिटांत पेशीला फोड आणू शकतात. म्हणून चित्रणात जितका प्रकाश देणार तितकाच देऊन, २४ तासांनी पेशी मोजा. एमटीटीत कणांचं स्वतःचं शोषण आणि विखुरण आकडा बिघडवतं, तेव्हा पेशींविना नुसत्या कणांचा रकाना प्लेटवर ठेवाच.

फोटो वाचताना

विलंबित फोटोतला जास्त उजळ ठिपका म्हणजे जास्त कण, असं लगेच म्हणू नका. तिथे ऑक्सिजन कमी असेल तरीही तो उजळ दिसेल. एकाच जागेचा तत्काळ फोटो आणि विलंबित फोटो घेऊन त्यांचं गुणोत्तर काढलं, तर कणांची संख्या बरीचशी वजा होते आणि भोवतालच्या ऑक्सिजनचा माग लागतो. तत्काळ फोटोत पेशीची चमकही मिसळलेली असते, ती कोऱ्या डिशवरून वजा करायला विसरू नका. तापमानही यात लुडबुड करतं: ८० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरीसाठी २५ वरून ३७ अंशांवर जाताना वर ढकलण्याचा गुणक सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. कॅलिब्रेशन टेबलावर न करता त्याच उबदार स्टेजवर करा.

उरलेले कण ४ अंशांवर, अंधारात ठेवा. गोठवू नका, वितळताना ते गोळा होतात. दोन आठवड्यांनी वापरण्यापूर्वी आकार आणि विलंबित लाइफटाइम दोन्ही पुन्हा मोजा. आकार तोच राहून लाइफटाइम घसरला असेल तर कणाच्या आत डायच्या गाठी होऊ लागल्या आहेत, ती बाटली टाकून नवी करा.